याद्विगाबाईंचा साक्षीदार

१२ सप्टेंबर २०१६, सोमवार

बाबांशी आज पुन्हा वाजलं. निमित्त काय, तर मी भांडी घासता घासता फोन घ्यायला गेलो. "तेही अर्धवटच का?" म्हणाले. ग्वेल्फ युनिव्हर्सिटीची फूड सायन्सची डिग्री दुसऱ्या वर्षात सोडून मी वॉनला घरी परत आलो, बेसमेंटमध्ये राहायला लागलो, त्याला चार महिने झाले. तेव्हापासून 'अर्धवट' हा शब्द आमच्याकडे मिठासारखा प्रत्येक जेवणात असतो. मी ताटली सिंकमध्ये आपटली. फुटली. आई फक्त म्हणाली, "शंतनु, सेटमधली होती रे ती."

पण फोन ऊर्मीचा होता! तिच्यासाठी अख्खा सेट फोडीन.

ती लिंग्विस्टिक्सच्या मास्टर्ससाठी मॉन्ट्रियलला चालली आहे. म्हणाली, "एक काम आहे, पण तू नाही म्हणशील." काम ऐकायच्या आधीच मी हो म्हणालो. इथून अर्ध्या तासावर, एटोबिकोत, एक पोलिश आजी आहेत. पोलिश भाषेतून आजूबाजूच्या भाषांमध्ये गेलेले शब्द त्या पंचवीस वर्षं कार्डांवर जमवताहेत. आता डोळ्यांच्या मधोमध डाग पडल्यासारखं होतं, वाचता येत नाही. उन्हाळाभर ऊर्मी त्यांना कार्डं वाचून दाखवायची आणि टाइप करायची. वीस नोव्हेंबरला मुलगा त्यांना कायमचं कॅलगरीला नेणार आहे. त्याच्या आत काम संपवायचं.

"मला पोलिश कुठे येतं?"

"रोमन अक्षरं वाचता येतात ना? बास. आणि शंतनु, तिथे चिडायचं नाही हं."

मी कुठे चिडतो?

१४ सप्टेंबर

पाचवा मजला. दार उघडलं ते एका उंच म्हाताऱ्याने. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. मला वाटलं, मिस्टर असतील. तर नाही, ते सातव्या मजल्यावरचे शेजारी, युक्रेनियन, बोगदान. आजींचं नाव याद्विगा. पोलिशमध्ये बाईंच्या नावाआधी मानाने 'पानी' लावतात. मला ते म्हणताना तहान लागते, म्हणून या वहीपुरत्या त्या याद्विगाबाई आणि ते बोगदानराव.

कामाची रीत अशी. प्रत्येक कार्डावर एक पोलिश शब्द, तो कुठल्या भाषेत गेला त्याचा बाण, आणि खाली साक्षीदाराची ओळ. साक्षीदार म्हणजे ती दुसरी भाषा घरात बोलत वाढलेलं जिवंत माणूस. त्याने तो शब्द स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या वाक्यात वापरून दाखवायचा. मग ते वाक्य, त्याचं नाव, त्याचं गाव लिहायचं. साक्षीदार नसेल तर कार्ड कच्चं.

मी म्हणालो, "डिक्शनरीतून घेतलं तर दोन दिवसांत होईल."

याद्विगाबाई म्हणाल्या, "डिक्शनरीला आई नसते."

जर्मन, लिथुएनियन, यिडिश कार्डं पूर्ण झालेली आहेत. त्यांचे बरेचसे साक्षीदार आता वारलेत. युक्रेनियन तेवढी एकशे बारा कच्ची आहेत आणि त्यांचा साक्षीदार एकच, बोगदानराव. कॅलगरीत ते असणार नाहीत, म्हणून घाई.

ऊर्मीला लगेच मेसेज केला. तिने अंगठा पाठवला. आणि एक हार्टसुद्धा. पिवळं, पण हार्ट.

२२ सप्टेंबर

काकडीला पोलिशमध्ये 'ओगूरेक'. तिचीच जर्मनांकडे 'गुर्के' झाली, लिथुएनियात 'अगुर्कस'. सीमेला 'ग्रानित्सा', त्याचं जर्मनमध्ये 'ग्रेन्त्स'. म्हणजे सीमा हा शब्दच सीमा ओलांडून गेला! हे मी ऊर्मीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "हो, माहितीये, मीच टाइप केलंय ते." मागे कोणीतरी हसत होतं. नील म्हणून कोणी आहे, त्याने तिला अपार्टमेंट शोधून दिलं. मॉन्ट्रियलचं मराठी मंडळ फार मदत करतं म्हणतात.

आजचं कार्ड : कांदा. पोलिश 'त्सेबुला', युक्रेनियन 'त्सिबुल्या'. साक्षीदाराचं वाक्य : "कांदा तिने चिरला, रडलो मी." वाक्य बरोबर आहे, घेतलं.

३ ऑक्टोबर

हे दोघं भांडतात फार. आज 'थँक यू'वरून. पोलिश 'जेंकुये', युक्रेनियन 'द्याकुयू'. याद्विगाबाई खडीसाखर दाताखाली धरून म्हणाल्या, "बघ शंतनु, यांच्याकडे आभार मानायलासुद्धा शब्द नव्हता. आमच्याकडून नेला."

बोगदानराव म्हणाले, "आणि तुम्ही जर्मनांकडून ढापलात! वर आम्हाला विकताय."

"विकला नाही. वापरायला दिला. परत कुठे केलात?"

"रोज करतो की. रोज चहानंतर करतो."

दोघंही खोकला येईपर्यंत हसले. यात काय एवढं? एका कार्डाला पन्नास मिनिटं लागली. शिवाय तोपर्यंत चहा गार झाला, मग तो परत केला, मग याद्विगाबाईंना चष्मा सापडेना, मग तो बोगदानरावांच्या खिशात निघाला. यांचा चष्मा त्यांच्या खिशात कशाला?

म्हातारा दोन मजले खाली यायला रोज टाय लावतो. युरोपियन लोक फॉर्मलच.

११ ऑक्टोबर, दसरा

पासष्ट राहिली. मी स्प्रेडशीट केली आहे. रोज दोन कार्डं पक्की झाली तर वेळेत होतं. बाबांनी स्प्रेडशीट पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही शाबासकीच धरायची.

ऊर्मीने सांगितलं, की शनिवारी याद्विगाबाईंचा नामदिवस आहे. पोलिश लोक वाढदिवसापेक्षा तो जास्त साजरा करतात. प्रत्येक नावाचा कॅलेंडरात एक दिवस असतो. "फुलं घेऊन जा," म्हणाली. जाणारच. चांगली नेतो.

१५ ऑक्टोबर, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

ग्रोसरीच्या दारात या दिवसांत शेवंतीच्या कुंड्यांची रांगच असते. मी सगळ्यांत भरलेली पिवळीजर्द निवडली. दसऱ्याला आईने देवीला याच शेवंतीचा हार केला होता. कुंडीला लाल रिबीन बांधली. म्हटलं, आज्जी खूश होणार.

याद्विगाबाईंना नीट दिसत नाही. त्यांनी हात लावला, वास घेतला. मग म्हणाल्या, "थँक यू, बाळ," आणि कुंडी स्वतः बाल्कनीत नेऊन ठेवली. दार लावून घेतलं.

बोगदानराव एकदम ओरडले, "अजून जिवंत आहे ती! थडग्यावरची फुलं घेऊन आलास? तुझ्या घरात काही शिकवलंय की नाही?"

घर काढलं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. यांना काय माहीत शेवंती म्हणजे काय ते. मी म्हणालो, "तुम्ही मला शिकवणारे कोण? स्वतःचा थँक यू तरी आहे का तुमच्याकडे? अर्धी भाषा यांची उष्टी आहे तुमची, ही घ्या, पेटीभर पुरावा आहे!" आणि कार्डांची पेटी त्यांच्यापुढे आपटली.

मला वाटलं, तेही ओरडतील. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी कोट उचलला, याद्विगाबाईंना पोलिशमध्ये काहीतरी म्हणाले आणि गेले. केक कापायचा राहिला.

मी म्हणालो, "परवा तुम्हीही हेच म्हणालात की त्यांना."

याद्विगाबाई म्हणाल्या, "मी म्हणाले होते. तू म्हणायचं नव्हतंस."

घरी आज कोजागिरीचं दूध होतं. मला प्यावंसं वाटलं नाही.

१७ ऑक्टोबर

बोगदानराव आले नाहीत.

२० ऑक्टोबर

आले नाहीत. याद्विगाबाई तीन कप मांडतात आणि एक उचलून ठेवतात. मी म्हणालो, दुसरा युक्रेनियन शोधू, एटोबिकोत कमी आहेत का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दिसत नाही म्हणणाऱ्या बाईला एवढं कसं दिसतं असं मला झालं.

स्प्रेडशीटमध्ये पाच दिवसांच्या ओळी रिकाम्या. ऊर्मीला अजून सांगितलेलं नाही.

२६ ऑक्टोबर

सांगितलं. तिने विचारलं, "तू माफी मागितलीस?" मी म्हणालो, त्यांनी माझं घर काढलं आधी. ती म्हणाली, "ओके." ऊर्मीचं 'ओके' म्हणजे बाबांच्या 'अर्धवट'चंच मॉन्ट्रियलमधलं भावंड.

१ नोव्हेंबर, भाऊबीज

याद्विगाबाईंनी विचारलं होतं, दफनभूमीपर्यंत गाडीने सोडशील का. मिसिसॉगाच्या पलीकडे. मी म्हटलं, सोडतो.

गाडीतून उतरलो आणि जागीच थांबलो. जिथवर नजर जाईल तिथवर शेवंती. पांढरी, पिवळी, जांभळी, प्रत्येक थडग्यावर कुंडी, आणि प्रत्येक कुंडीशेजारी रंगीत काचेत दिवा. भर दुपारी हजारो दिवे. परवा आमच्या ड्राइव्हवेवर आईने लावले होते तसेच. पोलिश लोक आजच्या दिवशी गेलेल्यांना भेटायला येतात आणि हेच फूल आणतात. दुसऱ्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही जिवंत माणसाला ते कोणी देत नाही. म्हणजे मी त्यांच्या आनंदाच्या दिवशी त्यांना काय नेऊन दिलं होतं!

याद्विगाबाईंनी डिकीतून माझीच कुंडी काढायला सांगितली. मला पत्ताच नाही, की त्यांनी ती एवढे दिवस बाल्कनीत पाणी घालून जपली होती. लाल रिबीन तशीच होती. नवऱ्याच्या थडग्यावर ती ठेवताना म्हणाल्या, "याला आवडली असती. तुझ्याकडे हे फूल कोणाला देतात?"

"देवीला. आणि बायका केसात माळतात."

"केसात!" त्या इतक्या हसल्या, की शेजारच्या कुटुंबाने वळून पाहिलं. मग त्यांनी एक फूल खुडून कानामागे खोचलं, आणि घाईघाईने काढून खिशात टाकलं. म्हणाल्या, "सहा वर्षं मला बोगदान घेऊन येतो. कुंडी तोच उचलतो. दिवा वाऱ्यात त्यालाच लावता येतो."

आज तीन काड्या वाया गेल्यावर मला एक दिवा लावता आला.

परतताना इमारतीपाशी आल्यावर त्यांनी वर सातव्या मजल्याच्या खिडकीकडे मान केली. दिसत तर नाही त्यांना एवढं.

३ नोव्हेंबर

गेलो सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये वाक्य पाठ केलं होतं, दार उघडल्यावर विसरलो.

"बूट काढ," बोगदानराव म्हणाले. ते बटाटे सोलत होते. टाय नव्हता, दाढी वाढली होती. "तिने पाठवलं?"

"नाही."

"मॉन्ट्रियलच्या पोरीने?"

"तिने सांगितलं होतं, पण तेव्हा मी आलो नाही. आज मीच आलोय."

"मग बस. सोल."

दोन बटाटे सोलून झाल्यावर ते बोलायला लागले. त्यांचं गाव तेव्हा पोलंडमध्ये होतं. सात वर्षांचे असताना शाळेत ते आपल्या भाषेत काहीतरी मागून बसले. पाणीच असेल, आता आठवत नाही म्हणाले. मास्तरांनी पोलिश शब्द सांगितला आणि तो पाठ होईपर्यंत हातावर पट्टी मारली. "तो शब्द मला अजून छान येतो," म्हणाले.

मी म्हणालो, "मग तुम्ही यांच्याकडे येऊन बसता कसे?"

"ती विचारते म्हणून. बोगदान, हा शब्द तुझ्याकडे आहे का? कसा वापरतोस? मी नाही म्हटलं, तर कार्ड फाडते. माझ्यासमोर फाडते. मी मुद्दाम दोन-तीनदा नाही म्हणून बघितलं, शब्द असूनसुद्धा. फाडलं तिने. मला नाही म्हणायची मुभा कोणी दिली होती? आणि हो म्हटलं, तर खाली माझं नाव लिहिते. माझ्या गावाचं नाव लिहिते. ते गाव आता नकाशात शोधून सापडत नाही." बटाट्याचा डोळा त्यांनी सुरीच्या टोकाने उकरून काढला. "तिने चिडवलं की मला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. आणि तू त्या दिवशी मास्तरांसारखा बोललास."

मी सॉरी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. बाबांनाही कधी म्हटलेलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले, "पण बटाटा तुला येत नाही. अर्धा सालीतच टाकलास."

४ नोव्हेंबर

दुपारी दोनला बेल. इस्त्रीचा शर्ट, टाय, दाढी गुळगुळीत.

दारातूनच ते म्हणाले, "याद्विगा, तुझे सगळे बाण आमच्याकडेच का येतात? तुम्ही आमच्याकडून काही नेलंच नाही?"

"नेलं. पण तिथे साक्षीदार मीच, मग मीच मला कसं विचारू? मी सहा वर्षं वाट बघतेय, हा माणूस कधी विचारेल."

मग उलट्या बाणाची कार्डं सुरू झाली. पोलिश 'बोहातेर', म्हणजे वीर. तो त्यांच्या बाजूच्या 'बोहातिर'वरून आला, आणि तो त्याच्याही पूर्वेकडून, घोड्यांवरच्या लोकांकडून. याद्विगाबाई म्हणाल्या, हाच शब्द दुसऱ्या वाटेने तुमच्याकडेही गेलाय, बघ. मी म्हणालो, बहादूर? दोघांनी टाळ्या वाजवल्या. बोगदानराव म्हणाले, "चला, याचीही साक्ष घ्या." मी वाक्य दिलं : "बहादूर असतो तर पंधरा तारखेलाच वर गेलो असतो." लिहिलं गेलं. खाली माझं नाव, गाव : नागपूर, आमचं मूळचं.

स्प्रेडशीटमध्ये उलट्या बाणाला कॉलमच नाही.

१२ नोव्हेंबर

ऊर्मीचा फोन. नील मंडळाचा नाही. नील नीलच आहे.

ती म्हणाली, "नील आणि मी एकत्र आहोत, मला वाटलं तुला कळलंय. मी इतक्या वेळा सांगितलं." सांगितलं होतं, खरंच. मी मागची पानं उलटून बघितली, नीलचं नाव माझ्याच अक्षरात आहे. तिने काय सांगितलं ते लिहिलं आणि मला काय हवं ते वाचलं. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. हो म्हणशील का असं नाही, काहीच नाही. मॉन्ट्रियल आवडलं का, एवढंसुद्धा नाही.

फोन भिंतीवर मारायला उचलला होता. मग तोच कानाला लावला आणि विचारलं, "कशी आहेस तिथे?" ती वीस मिनिटं बोलली. फ्रेंच येत नाही म्हणून बसमध्ये रडली होती एकदा. मला माहीतच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी रडलो. आई जिन्यापर्यंत येऊन परत गेली, मग पोहे घेऊन आली.

१४ नोव्हेंबर

आज जायचं कारण खरं तर उरलेलं नव्हतं. जिला इम्प्रेस करायचं ती मॉन्ट्रियलला, नीलबरोबर. तरी एकला गाडी काढली. मला बघून याद्विगाबाई म्हणाल्या, "तुझी पावलं आज जड आहेत." सगळं सांगितलं. त्यांनी पुढ्यात केक सरकवला. बोगदानरावांनी आपल्या वाट्याचाही सरकवला.

बावन्न राहिली. आज एकच पक्कं झालं.

१७ नोव्हेंबर

हे दोघं मुद्दाम करताहेत का? तीन दिवस राहिले आणि आज साखर या एका शब्दावर अडीच तास! साखरेवरून बोगदानरावांची मावशी, मावशीवरून तिचं लग्न, लग्नावरून जंगलातली वाट. मी म्हणालो, "वाक्य द्या ना फक्त!" याद्विगाबाई म्हणाल्या, "हळू, शंतनु. साक्ष पूर्ण व्हावी लागते." पूर्वी याच बाई मला घाई करत होत्या.

गेल्या महिन्यात हा माणूस एकेका दिवशी चार कार्डं देत होता. विसरायला लागलाय की काय, अशी काळजी वाटते. पण मावशीच्या लग्नात किती बदकं कापली ते आठवतं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

उद्या विमान. मी सकाळी दहालाच गेलो. बेडरूमच्या दारात सूटकेस होती, उघडी आणि रिकामी. बोगदानराव आधीच आलेले, टाय लावून.

अकराला कॅलगरीहून मारेकचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा फोन आला. याद्विगाबाईंना बटणं दिसत नाहीत, म्हणून मी स्पीकरवर लावला. माझ्यामुळे की काय, तो इंग्रजीतच बोलला. पॅकिंग झालं का? औषधं वर ठेवलीस का?

"मारेक, काम संपलेलं नाही," त्या म्हणाल्या. "संपलं की कळवते."

"ममा, वीस तारखेला संपणार होतं ना? आणि तिथे तुझ्याकडे बघणार कोण?"

"इथे दोघं जण माझ्याकडे बघत बसलेत आत्ता. दुसरं काही करतच नाहीत."

मारेक म्हणाला, "किती राहिलंय? खरं सांग."

"मला काय दिसतंय? थांब. शंतनु, किती राहिलीत रे?"

मी पेटी पुढे ओढली. अठ्ठेचाळीस. बसलो तर आठवड्याचं काम. मी वर पाहिलं. बोगदानराव माझ्याकडे बघत होते. एवढा पंच्याऐंशी वर्षांचा माणूस, टायची गाठ मुठीत धरून, शाळेत नंबर पुकारायची वाट बघणाऱ्या मुलासारखा. याद्विगाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडे बघत होत्या. तिसरा कप मात्र त्यांनी हाताने चाचपून आपल्या कपाच्या अगदी जवळ ओढून घेतला होता.

मला काय म्हणावं? अख्खे दोन महिने त्यांच्यामध्ये बसून मी नुसता टाइप करत होतो.

"बरीच," मी फोनमध्ये म्हणालो. "बरीच आहेत, सर. आणि आता उलटे बाणही निघालेत. स्प्रिंगपर्यंत तरी सांगता यायचं नाही."

मारेकने मोठा श्वास सोडला. म्हणाला, ख्रिसमसला मीच येतो, मग बघू. आणि मला म्हणाला, "तिला पायऱ्यांवरून एकटं जाऊ देऊ नकोस."

मी फोन ठेवला. याद्विगाबाईंनी नाक पुसलं आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "पुढचं कार्ड घे. वेळ घालवू नकोस."

मी शोधून शोधून सगळ्यांत छोटं निघालं ते घेतलं. चार अक्षरांचं. वाचून दाखवलं.

बोगदानरावांनी टायची गाठ सैल केली, खुर्चीत मागे टेकले आणि पोटावर हात बांधले. "याच्यासाठी," ते म्हणाले, "आधी माझ्या आजोबांचा घोडा सांगावा लागेल."

मी लॅपटॉप मिटला आणि चहाचं आधण ठेवायला उठलो.